तीस पचपनची गोष्ट

दिवाळीची साफसफाई चालू होती. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येत होती आणि आई खालूनच 'भंगार' किंवा 'राहू दे' असा निकाल देत होती. पितळी घागर - राहू दे. माझी अकरावीची जर्नल्स - भंगार (!). मग एक जड पेटी आली. सनमायका लावलेली लाकडी पेटी, पुढे ॲल्युमिनियमची पट्टी, त्यावर तीन नॉब, मागे काळ्या पात्यांचा हीट सिंक. आई काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "तो बाजूला ठेव. त्याचं आता काही होणार नाही, पण ठेव."

हा बाबांचा ॲम्प्लिफायर. १९७८ साली त्यांनी आणि चाचांनी मिळून बनवलेला. चाचा म्हणजे गुलमंडीजवळ ज्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं ते. बाबा ऑफिस सुटलं की तिथे जाऊन बसायचे. सोळा वर्षं हा ॲम्प्लिफायर आमच्या घरात वाजला. १९९४च्या उन्हाळ्यात तो बंद पडला, आणि त्याच्याबरोबर बाबांची आणि चाचांची मैत्रीही बंद पडली. का, ते मला इतकी वर्षं अर्धवटच माहीत होतं. चार वीकेंड ह्या पेटीत डोकं घातल्यावर ते पूर्ण कळलं. आणि ते कळण्यासाठी मला एका ट्रान्झिस्टरचा इतिहास वाचावा लागला. तर आज त्याबद्दल.

त्या ट्रान्झिस्टरचा नंबर २एन३०५५. पण आमच्या औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, गोष्ट जुनी आहे म्हणून जुनं नाव येत राहील) एवढं लांबलचक कोण बोलणार? दुकानात त्याचं नाव 'तीस पचपन'. "दोन तीस पचपन दे" म्हटलं की काम व्हायचं. बदामाच्या आकाराची धातूची बैठक, त्यावर गोल टोपी, दोन बाजूंना स्क्रूसाठी दोन भोकं, खाली दोन पाय. तिसरा पाय नाहीच. ती बैठक हाच तिसरा पाय, म्हणजे कलेक्टर. मापाने लहान मुलाच्या खेळण्यातल्या हॅटएवढा. जुने स्टॅबिलायझर, बॅटरी चार्जर, कॉलेजच्या लॅबमधले पॉवर सप्लाय, गणपती मंडळांचे ॲम्प्लिफायर, ह्यांपैकी कशाचंही झाकण उघडलं असेल तर तुम्ही त्याला पाहिलेलं आहे.

ॲम्प्लिफायरमध्ये आधीचे छोटे ट्रान्झिस्टर कारकुनी करतात. टेपच्या हेडवरून किंवा रेडिओतून आलेला मिलिव्होल्टमधला सिग्नल मोठा करणं, बास-ट्रेबल सांभाळणं वगैरे. शेवटचे दोन ट्रान्झिस्टर मात्र हमाल. स्पीकरच्या कागदी शंकूला प्रत्यक्ष ढकलायचं काम त्यांचं. एक पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो. सगळा करंट ह्यांच्यातून जातो, सगळी उष्णता इथेच होते, आणि कुठेही काही बिघडलं तरी मरतात हेच. त्यामुळे दुरुस्तीवाल्याकडे येणाऱ्या ॲम्प्लिफायरची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: 'आउटपुट उडाला'.

आता थोडं मागे जाऊ.

आमच्या गावाला आवाजाचा नाद जुना आहे. निजामाच्या काळात हैदराबादच्या जोडीने औरंगाबादलाही रेडिओ केंद्र होतं. पुढे आकाशवाणीने संस्थानांची पाच केंद्रं ताब्यात घेतली, त्यात हैदराबाद, म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा यांच्या रांगेत औरंगाबादचं नाव आहे. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. चाचांचे उस्ताद त्याच रेडिओंवर शिकलेले, आणि चाचा त्यांच्या हाताखाली. व्हॉल्व्ह हा स्वभावाने सोशिक प्राणी. क्षणभर शॉर्ट झाला, जास्त करंट गेला, तर आतली प्लेट लाल होते, तुम्ही धावत जाऊन बटण बंद करता, आणि पाच मिनिटांनी तो पुन्हा गायला लागतो. चूक सुधारायला वेळ देतो.

ट्रान्झिस्टर वेळ देत नाही.

१९४७च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यांना आणि शॉकलीला त्यासाठी १९५६चं नोबेल मिळालं. तो जर्मेनियमचा होता. जर्मेनियमची खोड अशी की तापलं की त्यातून करंट गळायला लागतो, गळतीने आणखी तापतं, तापल्याने आणखी गळतं. शंभर अंशांच्या आतच त्याचा कारभार आटोपतो. १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. सिलिकॉन दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तग धरतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या ॲम्प्लिफायरला हा फरक केवढा, ते मी सांगायला नको.

भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली. एसी१२७, एसी१२८ ही नावं चाचांच्या पिढीला पाठ होती. ह्या नावांतही गंमत आहे. युरोपी पद्धतीत पहिलं अक्षर माल सांगतं (ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन) आणि दुसरं काम सांगतं (सी म्हणजे आवाजाचं हलकं काम, डी म्हणजे आवाजाचंच पण जड काम). म्हणजे नाव वाचलं की कूळ कळतं. अमेरिकी पद्धतीत तसं काही नाही. '२एन' म्हणजे नोंदणी झालेला ट्रान्झिस्टर, आणि पुढचा आकडा हा नुसता नोंदणी क्रमांक. एखादी कंपनी काही आकडे नोंदवते - इतके व्होल्ट सहन करेल, इतके अँपिअर देईल, इतके वॅट पचवेल - आणि मग तेवढं पाळणारा माल कुठल्याही कंपनीने बनवला तरी त्यावर तोच नंबर छापता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं ह्याच्यावरच अडलेलं आहे.

तीस पचपन आरसीए ह्या कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅट. (हे ११५ वॅट ट्रान्झिस्टरची बैठक २५ अंशांवर असताना. आपल्याकडे खोलीच चाळीस अंशांवर असते. बैठक १०० अंशांवर गेली की तोच आकडा ६५ वॅटच्या आसपास येतो.) त्याची बनावट साधी होती. सिलिकॉनची एकसारखी पातळ चकती घ्यायची आणि दोन्ही बाजूंनी एकदमच अशुद्धी भरायची. एका बाजूला एमिटर, दुसऱ्या बाजूला कलेक्टर, मधे उरलेला जाडसर थर तो बेस. आरसीएचं ह्या पद्धतीसाठीचं नाव होतं होमटॅक्सियल. जाड बेसमुळे ट्रान्झिस्टर मंद व्हायचा, एक मेगाहर्ट्झच्या आसपास दमायचा. पण त्याच जाडीमुळे दणकट. पॉवर ट्रान्झिस्टरचा एक खास मृत्यू आहे, त्याला सेकंड ब्रेकडाऊन म्हणतात. १९५८ मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापून आलं. करंट सगळ्या चकतीभर पसरण्याऐवजी एका ठिपक्यात गोळा होतो, तो ठिपका वितळतो, आणि बाकी चकती थंड असतानाच ट्रान्झिस्टर मरतो. जुना तीस पचपन ह्या मरणाला बराच पुरून उरायचा. म्हणून तो जगभर लोकप्रिय झाला.

सिलिकॉनमध्ये दणकट एनपीएन स्वस्तात मिळत होते, त्यांचे पीएनपी जोडीदार महाग आणि दुर्मिळ. ॲम्प्लिफायरला तर एक ढकलणारा आणि एक ओढणारा असे दोन उलट स्वभावाचे लागतात. ह्यावर उपाय आधीच निघालेला होता. १९५६ मध्ये आरसीएतल्याच एच. सी. लिन यांनी एक मंडल मांडलं. शेवटचे दोन्ही हमाल एकाच जातीचे घ्या, आणि त्यांना चालवणारे छोटे ड्रायव्हर तेवढे उलट-सुलट घ्या. खालच्या हमालाला त्याचा ड्रायव्हर असा जुंपलेला असतो की दोघं मिळून पीएनपीचं सोंग वठवतात. ह्याला क्वासी-कॉम्प्लिमेंटरी म्हणतात. सत्तरच्या दशकात आपल्याकडे हौशी लोकांनी बनवलेल्या अनेक ॲम्प्लिफायरांचा हाच सांगाडा. ड्रायव्हरला एसएल१०० आणि एसके१००, आउटपुटला दोन तीस पचपन. बाबांचा ॲम्प्लिफायर अगदी हाच. ४५ व्होल्टचा एकेरी सप्लाय, स्पीकरच्या आधी एक मोठा कपॅसिटर, आठ ओहमवर साधारण २५ वॅट.

*

१९९४च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे एक लग्न होतं. मांडवात स्पीकरची वायर कुणाच्या तरी खुर्चीच्या पायाखाली आली, सोलली गेली आणि शॉर्ट झाली. फट्‌ आवाज, आणि मग घरघर. फ्यूज नंतर उडाला. फ्यूजची तार वितळायला काही मिलिसेकंद तरी लागतात, ट्रान्झिस्टर त्याच्या आधीच गेलेला असतो. फ्यूजला वाचवण्यासाठी ट्रान्झिस्टर हुतात्मा होतो असा हा प्रकार. पुढच्या काळातल्या चांगल्या ॲम्प्लिफायरांत करंट मोजून क्षणात गळा आवळणारं संरक्षक मंडल असतं. १९७८च्या ह्या पेटीत ते नव्हतं.

चाचांनी दोन नवे तीस पचपन टाकले. आठ दिवस वाजला आणि गेला. पुन्हा टाकले. ह्या वेळी तीन दिवस. तिसऱ्यांदा टाकले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. दरवेळी आधी काही नाही, शॉर्ट नाही, मोठा आवाज नाही. नुसता तापायचा आणि मरायचा.

मग बाबा दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तू डुप्लिकेट माल घालतोस."

चाचा म्हणाले, "नंबर वहीच है साहब, देख लो." इतक्या वर्षांत त्यांनी बाबांना 'साहब' म्हटलेलं नव्हतं. मग गल्ल्यातून तिन्ही वेळचे पैसे काढून काउंटरवर ठेवले. बाबांनी ते उचलले. हे सांगताना बाबा आजही खिडकीबाहेर बघतात.

त्या संशयात तथ्य नव्हतं असं नाही. नकली पॉवर ट्रान्झिस्टर हा तेव्हाही धंदा होता आणि आजही आहे. स्वस्तातली छोटी चकती मोठ्या टोपीखाली बसवायची आणि वर मोठ्या कंपनीचं नाव छापायचं. हलक्या आवाजात ते चालतातही. जोर लावला की जातात. त्यामुळे 'नवे टाकले आणि लगेच गेले' म्हटल्यावर कुणीही हाच अर्थ काढला असता.

बाबा सरकारी नोकरीतले. कुठलाही कागद किंवा वस्तू फेकायची नाही, नोंद करून ठेवायची. मेलेले सगळे ट्रान्झिस्टर त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, प्रत्येक जोडीला दोरा बांधून त्यावर चिठ्ठी: तारीख, आणि 'पहिली दुरुस्ती', 'दुसरी दुरुस्ती', 'तिसरी दुरुस्ती'. लग्नातली मूळ जोडीही त्यात. तो डबा ॲम्प्लिफायरच्या पेटीतच निघाला.

*

पहिल्या वीकेंडला मी ठरलेल्या क्रमाने गेलो. वायर काढून ठेवली, सप्लायचा मोठा कपॅसिटर एका रेझिस्टरमधून रिकामा केला (हे विसरू नका, तो बराच वेळ चार्ज धरून बसतो). मग मल्टीमीटर. दोन्ही आउटपुटच्या कलेक्टर-एमिटरमध्ये बझर वाजला, म्हणजे आरपार शॉर्ट. इथे बरेच जण नवे ट्रान्झिस्टर लावून बटण दाबतात आणि पैसे घालवतात. आउटपुट मरताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. ड्रायव्हर तपासावे लागतात, एमिटरमधले अर्ध्या ओहमच्या आसपासचे वायरवाउंड रेझिस्टर तपासावे लागतात, ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामधली अभ्रकाची चकती फाटलेली नाही ना हे बघावं लागतं, आणि बायस देणारा डायोड शाबूत आहे का हेही. तो डायोड फार महत्त्वाचा. ट्रान्झिस्टर एक अंश तापला की त्याला चालू व्हायला साधारण दोन मिलिव्होल्ट कमी लागतात. बायस तेवढाच राहिला तर करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो. म्हणून डायोड हीट सिंकला चिकटवतात. तोही तेवढाच तापतो आणि बायस खाली आणतो. आमच्या पेटीत तो नीट चिकटवलेला होता. चाचांचं काम.

एक ड्रायव्हर गेलेला होता. तो बदलला, सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले आणि बाजारातून दोन तीस पचपन आणले. मग सिरीज बल्ब. ही आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या मेकॅनिकची विद्या: दुरुस्त केलेली वस्तू थेट प्लगला लावायची नाही, मधे शंभर वॅटचा तारेचा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि वस्तू वाचते. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. (एलईडी इथे चालत नाही. तारेचा बल्ब शोधायला मला अर्धा दिवस लागला.)

बल्ब मंद झाला. आवाज आला. मी खूश. बल्ब काढून थेट लावला, आवाज थोडा वाढवला, आणि फट्‌. हॅक्सॉ ब्लेडने मेलेल्याची टोपी कापली. आत मोहरीएवढी चकती. नकली! (सगळेच ट्रान्झिस्टर असे कापू नका. काही आरएफ ट्रान्झिस्टरमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ विषारी.) बाबा शेजारीच होते. म्हणाले, "बघ. मी तेव्हाच म्हणत होतो."

मग मी अधिकृत वितरकाकडून खात्रीचे मागवले. दुसरा वीकेंड. सिरीज बल्ब मंद, मधल्या बिंदूवर बरोबर साडेबावीस व्होल्ट, म्हणजे सगळं समतोल. सिग्नल काहीच दिलेला नाही. अशा वेळी हीट सिंक थंड असायला हवा. दहा मिनिटांनी हात लावला तर कोमट. वीस मिनिटांनी हात ठेववेना.

म्हणजे चाचांच्या वेळी झालं होतं तेच. आणि ह्या वेळी माल खरा होता.

माझ्याकडे छोटा ऑसिलोस्कोप आहे. तो आउटपुटला लावला आणि उत्तर पडद्यावर दिसलं. सिग्नल नसताना ॲम्प्लिफायर स्वतःच गात होता, साधारण ४०० किलोहर्ट्झवर. माणसाला वीस किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, त्यामुळे कानाला शांतता. पण इतक्या वेगाने उघड-मीट करताना एक ट्रान्झिस्टर पुरता मिटायच्या आत दुसरा उघडतो, दोन्ही एकदम चालू राहतात, आणि करंट स्पीकरला न जाता वरून खाली सरळ वाहतो. तीच ती उष्णता.

आता प्रश्न असा की १९७८ ते १९९४ हा ॲम्प्लिफायर का गायला नाही?

*

इथे इतिहास कामाला आला. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून तीस पचपनची बनावट बदलली. होमटॅक्सियल जाऊन एपिटॅक्सियल आली. सिलिकॉनवर सिलिकॉनचा पातळ थर वाढवायचा आणि त्यात ट्रान्झिस्टर घडवायचा. बेस पातळ, म्हणून वेग जास्त. नव्या डेटाशीटवर किमान अडीच मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. व्होल्ट तेच, अँपिअर तेच, वॅट तेच. नोंदणीत जे कबूल केलं होतं ते सगळं तंतोतंत. म्हणून नंबरही तोच. खोटं कुणी काही बोललं नाही.

पण जुन्या मंडलांनी एक गोष्ट न विचारता धरून ठेवली होती: हमाल मंद आहे.

ॲम्प्लिफायरमध्ये फीडबॅक असतो. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे द्यायचा, म्हणजे चुका आपोआप खोडल्या जातात. ही युक्ती बेल लॅब्जच्या हॅरल्ड ब्लॅकला १९२७ मध्ये सुचली. पण मागे जाणाऱ्या सिग्नलला उशीर होतो, आणि उंच फ्रिक्वेन्सीला तो उशीर इतका होतो की विरोध करायला निघालेला सिग्नल पोचेपर्यंत पाठिंबा देऊन बसतो. मांडवात माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते, तसलाच प्रकार. ही शिट्टी टाळायची तर त्या फ्रिक्वेन्सीला पोचायच्या आत कुणीतरी एकाने दमायला हवं, म्हणजे ब्रेक लागतो. जुन्या मंडलात तो ब्रेक म्हणजे खुद्द तीस पचपन. विशेषतः खालच्या बाजूला, जिथे ड्रायव्हर आणि हमाल मिळून पीएनपीचं सोंग करतात, तिथे त्या दोघांचाच एक छोटा फीडबॅक असतो. मंद हमाल होता तोवर ते जोडपं शहाण्यासारखं वागत होतं. चपळ हमाल आला आणि ब्रेक निघून गेला.

माझ्या धंद्यात हे रोज घडतं. फंक्शनचा इंटरफेस तोच ठेवून आतला कोड कुणीतरी सुधारतो, जलद करतो, आणि दूर कुठेतरी एक जुना प्रोग्रॅम कोसळतो, कारण तो कबूल न केलेल्या संथपणावर उभा होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टर्बो पास्कलचे जुने प्रोग्रॅम नव्या जलद मशीनवर सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन मरायचे, ते आठवतं का? मशीन किती जलद आहे हे मोजायला आतमध्ये एक भागाकार होता, आणि मशीन इतकं जलद निघालं की उत्तर त्याच्या खणात मावेना. मशीन चांगलं, प्रोग्रॅमही जुना विश्वासू, आणि तरी दोघं एकत्र नांदेनात.

पण हा झाला तर्क. पुरावा हवा होता. तो डब्यात होता. १९९४च्या लग्नात मूळ जोडीपैकी वरचाच ट्रान्झिस्टर मेला होता, खालचा जिवंत होता! रिवाज असा की बदलायचे तर जोडीने, म्हणून चाचांनी दोन्ही काढले आणि बाबांनी दोन्ही डब्यात टाकले. तिसऱ्या वीकेंडला मी तो १९७८चा म्हातारा खालच्या जागी लावला, वर नवाच ठेवला. बटण दाबलं. ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ. अर्ध्या तासाने हीट सिंक थंड. म्हातारा काढून नवा लावला, पुन्हा ४०० किलोहर्ट्झ. चार वेळा अदलाबदल केली, चारही वेळा तेच.

मग १९९४च्या तिन्ही जोड्यांतला एकेक कापला. आत प्रत्येकात तुरीच्या डाळीएवढी चकती. अस्सल. चाचांनी तिन्ही वेळा खरा माल घातला होता. उन्हाळ्यात तापून तापून तो मेला.

बाबा बराच वेळ त्या कापलेल्या टोप्यांकडे बघत होते. "सगळे बघितलेस?" मी म्हटलं, "हो." मग ते उठून आत गेले.

कायमचा उपाय फारच किरकोळ निघाला. आधीच्या ट्रान्झिस्टरच्या बेस-कलेक्टरवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे ब्रेक आता आपण ठरवलेल्या जागी. दोन्ही आउटपुटच्या बेसला अगदी पायाजवळ दोन-दोन ओहमचे रेझिस्टर. आणि स्पीकरच्या जोडणीआधी दहा ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, जे मूळ मंडलात नव्हतंच. सगळं मिळून वीस-पंचवीस रुपयांचं काम. नव्या जोडीवर ॲम्प्लिफायर थंड डोक्याने वाजायला लागला.

*

चौथ्या वीकेंडला मी आणि बाबा चाचांच्या घरी गेलो. ॲम्प्लिफायर रिक्षात मांडीवर घेऊन. गुलमंडीवरून गेलो. गावाचं नाव बदललं, गर्दी तीच. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. चाचा ऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण आवाज खणखणीत.

बाबांनी रिक्षात बरंच काही ठरवलं असावं. प्रत्यक्षात एवढंच म्हणाले, "माल खरा होता. मी चुकलो."

चाचांनी हातानेच 'बस' अशी खूण केली. मग म्हणाले, "माल खरा होता ते मला माहीत होतं. म्हणून तर मला वाटलं, हाताचाच दोष आहे. तीनदा जोडून तीनदा जळतं, म्हणजे माझाच हात गेला. त्यानंतर मी ॲम्प्लिफायर घेणंच बंद केलं. टीव्हीच करत राहिलो." पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिल्यावर गावात टीव्हीचं काम भरपूर होतं हे खरं. पण ॲम्प्लिफायर सोडण्याचं कारण हे असेल असं कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनाही नाही.

मी त्यांना होमटॅक्सियल, एपिटॅक्सियल सगळं सांगितलं. त्यांनी मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. दुसरा होता, "खालच्यातच होतं ना ते?" मी हो म्हटलं. "मला वाटायचंच. नेहमी खालचाच आधी जायचा. पण स्कोप नव्हता रे माझ्याकडे. कानाने शोधत होतो, आणि ते कानाला ऐकूच येत नव्हतं."

मग म्हणाले, "लाव." बाबांनी स्वतः जोडला. पाऊण तास तो वाजला. दोघं फारसं बोलले नाहीत. उठायच्या आधी चाचांनी मागे हात नेला आणि हीट सिंकवर पंजा पसरून ठेवला. बराच वेळ ठेवला.

"थंड आहे," ते म्हणाले.